मदत हवी आहे: ज्येष्ठांची नजर तपासायला स्वस्तातला व्हीआर कितपत चालेल?

माधवी_कोथरूड
कोथरूडच्या एका विरंगुळा केंद्रात काचबिंदू आणि मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा) आजार असलेले काही सभासद आहेत, वयं ६५ ते ८४. दवाखान्याचे रिपोर्ट आहेत, पण घरात-रस्त्यात नेमकं काय अडतं ते त्यातून कळत नाही. म्हणून व्हीआरवर, म्हणजे डोळ्यांवर चढवून चहूबाजूंचं दृश्य दाखवणाऱ्या पडद्यावर, तपासणी बसवायची आहे. बजेट ३०,००० रुपये.
१. तपकीर गल्लीत मिळणारा फोन घालायचा डबा पुरेल, की स्वतंत्र हेडसेट हवा?
२. ६/९, ६/१२ अशी नजर (६/१२ म्हणजे चांगल्या डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) त्यावर मोजता येईल का?
३. चक्कर, मान, चष्मा यांचं काय करायचं?
रस्ता ओलांडण्याचं दृश्य कर्वे रस्त्यावर ३६० अंशांच्या कॅमेऱ्यानं चित्रित करणार आहोत.

भिंगवाला
आधी दुसरा प्रश्न, बाकीचं त्यावरच ठरतं. नाही मोजता येणार. ६/६ च्या अक्षराची रेघ अंशाच्या साठाव्या भागाइतकी जाड असते, म्हणजे पडद्यावर एका अंशात ६० पिक्सेल हवेत. क्वेस्ट २ या स्वतंत्र हेडसेटमध्ये जेमतेम २० असतात. त्यामुळे ठणठणीत डोळाही तिथे ६/१८ च्या पुढे वाचू शकत नाही. फोनच्या डब्यात १२-१३ च पिक्सेल पडतात, म्हणजे ६/३० च्या आसपास गाडी थांबली. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अल्पदृष्टी सुरू होते तीच ६/१८ पासून! जिथे निवाडा करायचा तिथेच यंत्र थिटं. तक्ता भिंतीवरच राहू द्या.

कर्वे रस्त्यालाही हाच हिशेब लावा. ४के व्हिडिओत ३८४० पिक्सेल पूर्ण ३६० अंशांत पसरतात, एका अंशाला १०.७. पीएमपीच्या बसचा नंबर वाचता आला नाही तर दोष डोळ्याचा की कॅमेऱ्याचा, हे कळायला मार्ग नाही. मोठ्या गोष्टी विचारा: बस कुठल्या बाजूनं आली, दुचाकी दिसली का, फुटपाथची कड कुठे संपते. कॅमेरा तिपाईवर स्थिर. आधी चांगल्या नजरेच्या सत्तरीतल्या दोन-तीन जणांना दाखवा. त्यांना जे दिसत नाही ते प्रश्नच काढून टाका.

क्षेत्रमापक
दृष्टिक्षेत्राचं, म्हणजे नजर एका जागी ठेवून आजूबाजूचं किती दिसतं त्याचं, थोडं सांगतो, कारण डबेवाल्या अ‍ॅपची खरी फसगत तिथे होते. दवाखान्यातल्या हम्फ्री या क्षेत्र मोजायच्या यंत्रात पार्श्वभूमी १० कँडेला (तेजाचं एकक) प्रति चौरस मीटर, ठिपका ०.४३ अंशाचा, ०.२ सेकंद टिकणारा, आणि कमाल तेज ३,१८० कँडेलाच्या घरात. क्वेस्ट २ चा पडदा १०० च्या आसपास दमतो. म्हणून क्षेत्राचा मोठा तुकडा गेलेला कळेल, तो किती खोल गेलाय ते कळणार नाही. रिपोर्टवर डेसिबल (किती मंद ठिपका दिसला याचं हम्फ्रीवरचं माप) छापू नका.

फोनवर आणखी एक गोम आहे. तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो. एप्रिलमध्ये तिसऱ्या-चौथ्या आजोबांपर्यंत ठिपके मंद झालेले असतात आणि आपण म्हणतो, काचबिंदू वाढला. ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद, फोन कायम एकच.

नजर स्थिर आहे का हे बघायला अंधबिंदू (प्रत्येक डोळ्याची मुळातच काही न दिसणारी जागा) वापरा: कानाच्या बाजूला १५ अंश, आडव्या रेषेच्या दीड अंश खाली. तिथे दाखवलेला ठिपका 'दिसला' म्हणाले तर नजर हलली किंवा हेडसेट सरकला. असं २० टक्क्यांहून जास्त वेळा झालं तर चाचणी बाद. दुसरा डोळा झाकू नका आणि त्याच्यापुढे काळाही ठेवू नका. काळ्यामुळे तपासायच्या डोळ्यालाही मधूनच अंधारल्यासारखं होतं. दोन्हीकडे सारखाच राखाडी, ठिपका फक्त एकीकडे.

नळस्टॉप_निवांत
माधवीताई, तिसऱ्याचं उत्तर. हातांची, बिनचाकांची खुर्ची. एका डोळ्याला पाच मिनिटं, मग विश्रांती. हेडसेट अर्धा किलोचा आहे. स्पाँडिलायटिस असेल तर वरचा पट्टा नीट ताणून वजन डोक्यावर घ्या, गालांवर नको. चष्मा लांबचा घाला, वाचायचा नाही, कारण भिंगांमुळे चित्र सव्वा मीटरच्या पुढे असल्यासारखं दिसतं. बायफोकलचा खालचा भाग आडवा येतो. फ्रेम १४२ मिमीपेक्षा रुंद असेल तर आत बसत नाही. श्रवणयंत्र पट्ट्यात अडकतं, आधी काढा. पण मग सूचना मोठ्यानं द्याव्या लागतील. हात थरथरत असेल तर एकच बटण ठेवा. फिट्स येणारे आणि सध्या चक्करीचा त्रास चालू असलेले वगळा. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हेडसेटमध्ये चुंबक असतात.

माधवी_कोथरूड
म्हणजे डबा बादच का?

भिंगवाला
तपासणीसाठी बाद. सभासदांना खुर्चीत बसून सवय करून द्यायला ठीक आहे. वापरलेला क्वेस्ट २ घेणार असाल तर भिंगांवर चरे आहेत का आणि डोळ्यांतलं अंतर बदलायच्या तिन्ही खाचा (५८, ६३, ६८ मिमी) घट्ट बसतात का ते पाहूनच पैसे द्या. पांढरं पान उघडून पडद्यावर डाग शोधा: उन्हात ठेवलेल्या हेडसेटचा पडदा भिंगांमुळे भाजतो आणि तो डाग चाचणीत थेट दृष्टिक्षेत्रातला खड्डा म्हणून उमटतो.