फ्लॉपी ड्राइव्हच्या मोटरचा वेग जुळवल्यावर वाचन पूर्ण थांबले

रामबाग, इंदूर (प्रश्न):
नमस्कार. माझ्या वडिलांनी 1988 ते 1991 या काळात इंदुरातील मराठी घराण्यांच्या वंशावळी टिपून ठेवल्या होत्या. सव्वापाच इंची, 360 केबीच्या अशा 22 फ्लॉप्या आहेत, आणि त्या वाचण्यासाठी त्याच काळातला, पट्ट्यावर चालणारा ड्राइव्ह दुरुस्त करीत आहे. आधी निम्म्याहून अधिक फ्लॉप्या अडखळत का होईना वाचल्या जात होत्या, पण मधूनच चुका येत असल्याने मोटरचा वेग बिघडला असावा असे वाटले. एका अमेरिकी मार्गदर्शिकेप्रमाणे ड्राइव्ह उलटा करून, चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली, कप्पीवर वेग तपासण्यासाठी असलेल्या 50 आणि 60 आकड्यांच्या, रेघांच्या दोन कड्यांपैकी 60 आकड्याचे कडे पाहिले. त्यावरील रेघा भराभर पुढे पळत होत्या, म्हणून त्या स्थिर दिसेपर्यंत मागच्या छोट्या पॉटने (वेग कमीजास्त करणाऱ्या बदलत्या रोधकाने) वेग कमी केला. आता मात्र एकही फ्लॉपी वाचली जात नाही. काय चुकले?

जुनी यंत्रे:
कृपया तूर्त या ड्राइव्हवर काहीही लिहू नका. फ्लॉप्यांवर लिहिण्याला अटकाव करणारी चिकटपट्टीही लावून ठेवा. चूक कड्याच्या निवडीत झाली आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते, आणि मिनिटाला 300, म्हणजे सेकंदाला 5 फेरे होत असतील तर 20 रेघांचे, म्हणजे 50 आकड्याचे, कडे स्थिर दिसते. अमेरिकेत 60 हर्ट्झ आहे, म्हणून तिथल्या, म्हणजे 60 आकड्याच्या, कड्यावर 24 रेघा असतात. त्या 24 रेघा आपल्या प्रकाशात स्थिर दिसतात तेव्हा वेग मिनिटाला 250 फेरे एवढाच असतो. त्या वेगाला कंट्रोलरची (ड्राइव्हकडून आलेला डेटा वाचणाऱ्या सर्किटची) सहनशीलता पुरत नाही, हे उघड आहे. 50 चे कडे पाहा, फ्लॉपी आत ठेवून आणि मोटर दहा मिनिटे फिरल्यावर, कारण फ्लॉपीचे घर्षणही मोटरवर भार टाकते. एलईडी दिव्याखाली हे करू नका. त्यातले बरेच दिवे असे लुकलुकतच नाहीत. एक हिशोब लक्षात ठेवा: 20 रेघांच्या कड्यावर सेकंदाला एक रेघ पुढे सरकली, तर वेग 1 टक्का जास्त आहे.

दांडिया बाजार, वडोदरा:
वरील उत्तराशी सहमत आहे. तरीही डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा इंडेक्स पल्स, म्हणजे दर फेऱ्याला एकदा येणारा विद्युत संकेत, मोजणे मला अधिक पटते. 34 पिनांच्या जोडणीत 8 क्रमांकाच्या पिनवर, फ्लॉपीचे भोक दर फेऱ्याला सेन्सरसमोर येताच, पल्स मिळतो, आणि दोन पल्समधले अंतर 200 मिलिसेकंद हवे. 197 ते 203 या मर्यादेत असेल तर पॉटला हातही लावू नये. खरे तर मधूनमधून येणाऱ्या वाचनाच्या चुकांसाठी वेगाआधी हेड (चकतीला टेकून डेटा वाचणारा भाग) तपासायला हवे होते, कारण मळलेले हेड हेच त्याचे नेहमीचे कारण असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि कप्पी पुसा, आणि पट्टा सैल झाला असेल तर तो बदला, कारण घसरणारा पट्टा पॉटने ताळ्यावर येत नाही.

रामबाग, इंदूर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. 50 च्या कड्यावर वेग आणला. आता सुमारे तीन सेकंदांत एक रेघ पुढे सरकते. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर 8 क्रमांकाच्या पिनवर 199.3 मिलिसेकंद आले, म्हणून पॉट तिथेच सोडला. हेड पुसताना कापसाच्या काडीवर तपकिरी डाग उतरला, आणि त्यानंतर 22 पैकी 17 फ्लॉप्या एकाही चुकीशिवाय वाचल्या गेल्या.

दांडिया बाजार, वडोदरा:
उरलेल्या पाच फ्लॉप्या पुन्हापुन्हा फिरवू नका. आधी हेडसाठी ठेवलेल्या खिडकीतून चकती हाताने हळूहळू वळवत, तिरप्या उजेडात पाहा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आणि ती हेडला लागली की पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते.