मदत हवी आहे: तिथी आणि तारखांचा मेळ कसा घालू?

नमस्कार मंडळी,
वर्सोवा कोळीवाड्यातल्या बोंबील मासेमारीवर पीएचडी करतेय. विषय समाजशास्त्राचा, पण आकड्यांशिवाय निभाव नाही. डोल जाळं (समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं) भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, त्यामुळे नाखवा (होडीचे मालक-तांडेल) सगळं तिथीने सांगतात: अमावास्या-पुनवेच्या उधाणाला मासळी बरी, अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा) कमी. माझ्याकडचे मासळीचे आकडे मात्र इंग्रजी महिन्यांच्या बेरजेचे. त्या बेरजेत उधाण-भांग दोन्ही विरघळतात, मग मुलाखतींशी ताडणार काय?

सागरी जीवशास्त्र किंवा संख्याशास्त्रातलं कोणी आहे का? रोजच्या नोंदी कुठे मागाव्यात? नाखवांच्या वह्या पुरावा म्हणून चालतील? गाईड मॅडम 'हो' म्हणतात, पण परीक्षक कोण येईल देव जाणे. जून-जुलैची मासेमारी बंदी संपली की सगळे समुद्रावर जातील, तेव्हा जरा लवकर सांगा.