निधी अडकला, गोळ्या संपत आल्या: उपकेंद्रात आधी काय वाचवायचं?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, घाटंजी तालुका)
कापसाला भाव नाही. एरवी खासगीत जाणाऱ्या गरोदर बायाही यंदा उपकेंद्रातच येऊन राहिल्या, अन् नेमका आताच वरचा निधी अडकला. लोकसंख्या 5,000, वर्षाला साधारण 75 गरोदर माता. सगळ्याच खर्चांत थोडी थोडी काटछाट करावी, असं बैठकीत ठरत आहे. बरोबर होईल का?

उत्तर 1 (औषध निर्माण अधिकारी)
नाही दादा, सरसकट कात्री लावू नका. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात 180, बाळंतपणानंतर 180. 75 जणींना वर्षाला 27,000, तिमाहीला 6,750. रक्तक्षय असलेलीला रोज दोन द्याव्या लागतात, म्हणजे याहून जास्तच.

घोळ मागणीपत्रात होतो. ते मागच्या तिमाहीच्या वाटपावरून भरतात. तेव्हा गोळ्याच नव्हत्या, म्हणून वाटप कमी दिसतं अन् पुढची मागणीही कमीच जाते. मागणी गरोदर मातांच्या नोंदवहीवरून काढा.

बीपी वाढून येणारे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची 1 ग्रॅमची अँप्युल असेल, तर झटके आलेल्या बाईला रेफर करण्याआधी 10 ग्रॅम, म्हणजे 10 अँप्युल लागतात. कपाटात 6 असतील तर साठा शून्य धरा. बाळंतपणातला रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांतच ठेवा. मे महिन्यात प्रसूती खोलीच्या ट्रेमध्ये पडून राहिलेल्या अँप्युलचा गुण उतरतो अन् ऐनवेळी रक्तस्राव आवरत नाही.

उत्तर 2 (आरोग्य सहायिका, धारणी)
सरांच्या यादीत जेवण राहिलं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7 दिवस मोफत जेवण आहे. बिल थकलं की पुरवठादार डबा बंद करतो, घरच्यांना रोज डबा आणणं परवडत नाही, मग बाळंतीण त्याच दिवशी घरी जाते. रक्तस्रावाचा धोका पहिल्या 24 तासांतच जास्त असतो. म्हणून डब्याचं बिल आधी चुकतं करा, बाकीची देणी नंतर.

आशाताईंच्या गृहभेटी 3, 7, 14, 21, 28, 42 व्या दिवशी असतात. एकही सोडू नये, पण निभत नसेल तर 3 अन् 7 कोणत्याही परिस्थितीत व्हायलाच हव्यात, कारण नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. 2.5 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ आधी बघा. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांचा साठा मे अखेर पोहोचता करा.

उत्तर 3 (निवृत्त ग्रामसेवक)
पैशाचं सांगतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. त्यातून बीपी मशीन, बाळाचा वजनकाटा घेता येतो. ग्रामसभेत ठराव घ्या अन् त्यात वस्तू, नग, दर स्पष्ट लिहा. नुसतं ‘आरोग्य साहित्य’ लिहिलं की लेखापरीक्षणात अडकतं. पेसा गाव (आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू असलेलं) असेल तर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधीही आहे. औषधं मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडून घ्या. त्याआधी जिल्हा भांडारातून ‘शिल्लक नाही’ असं लेखी आणा. तो कागद नसला की बिल परत येतं.