सीना-माणेच्या काठचे गोठे: उकिरडा हलवायचा, की पुण्याकडं बोट दाखवायचं?

सीनाकाठ:
सोलापूर जिल्ह्यातले सांगोला, माढा, मोहोळ, करमाळा. वीस-वीस संकरित गायींचे गोठे आता कुठंही दिसतात आणि बरेचसे ओढ्याला किंवा नदीला चिकटून, कारण विहीर नि मोटार तिथंच. माझं म्हणणं असं, की नदी-ओढ्यापासून १०० मीटरच्या आत उकिरडा नि शेणखड्डा नको, असा ठराव ग्रामपंचायतींनी करावा. शेण कुणी नदीत टाकत नाही, त्याला गिऱ्हाईक आहे. नदीत जातं ते मूत आणि धुवण. ४०० किलोची गाय दिवसाला १५-२० किलो शेण आणि १०-१५ लिटर मूत टाकते. पाइप लावून गोठा धुतला की गायीमागं आणखी ४०-५० लिटर पाणी. वीस गायींचं रोजचं हजार-बाराशे लिटर पाटानं सरळ ओढ्यात.

बांधावरचा:
पुणे-पिंपरीचं सांडपाणी उजनीत येतं, धरण हिरवं पडतं, जलपर्णी माजते, ते कुणाला दिसत नाही. पाच गायींवर घर चालवणारा मात्र लगेच दिसतो! दीड एकराची पट्टी, तीही काठाला. १०० मीटर सोडले तर उकिरडा काय शेजाऱ्याच्या बांधावर घालायचा? आधी शहरांना विचारा, मग गोठ्यात या.

पाणीमोजणी:
उजनीपुरतं मान्य. पण माण पुण्याहून येत नाही, सातारा जिल्ह्यातून येते. सीना अहिल्यानगरकडून. कोल्हापुरी बंधाऱ्यांना ऑक्टोबरात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पडले की या नद्या वाहायच्या थांबतात, डबक्यांची माळ उरते. तिथं थोडी घाणही पुष्कळ होते. बीओडी म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅम, गोठ्यातल्या शेण-मुताच्या घट्ट स्लरीचा दहा हजारांच्या वर. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे ३०. मासे पहाटे तरंगतात त्याचं कारणही हेच: घाण कुजवणारे जिवाणू चोवीस तास ऑक्सिजन खातात, शेवाळ दिवसा तो देतं पण रात्री स्वतःच खातं.

कुट्टीवाला:
शेण-मूत करता करता सगळ्यात जहाल चीज राहिली, मुरघासाचा (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) रस. त्याचा बीओडी ३० हजारांच्या पुढं जातो, आणि आम्ल इतकं की सिमेंटचा कोबा खातं. मका कोवळी कापली की हमखास गळतो. कणसातला दाणा अर्धा घट्ट झाल्यावर कापा, शुष्क भाग ३०-३५ टक्के असतो. कुट्टी मुठीत दाबून बघा: बोटांतून रस आला तर ओली, मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर बरोबर, लगेच विस्कटला तर वाळलेली. पाऊस येतोय म्हणून ओलीच भरावी लागली तर खड्ड्याच्या तळाला फूटभर कडब्याची कुट्टी टाका, बराच रस ती पिते.

बांधावरचा:
एवढं कशाला? गोबरगॅस बसवा, प्रश्न मिटला. अनुदान पण मिळतं.

पाणीमोजणी:
गॅस मिळतो, वास कमी होतो, बीओडीही उतरतो. नत्र-स्फुरद मात्र तसंच्या तसं राहतं. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तितकंच पाणी, म्हणजे रोज शंभरेक लिटर स्लरी बाहेर. ती ओढ्यात सोडली तर काय मिटलं? वर गोठ्याचं धुवण प्लांटमध्ये जातच नाही. फार पातळ असतं ते, गॅस पडतो.

सीनाकाठ:
मग टाकीच हवी. आधी फावड्यानं खरवडा, मग धुवा. गायीमागं पाणी २५ लिटरवर येतं. मूत धरून वीस गायींचं रोजचं ७५० लिटर, पंधरा दिवसांचं ११ हजारांवर. टाकी १५ हजारांची बांधा. खड्डा मुरमात असेल तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद घाला, नाहीतर सगळं विहिरीत उतरेल. आणि पत्र्याचं पाणी पन्हाळीनं वेगळं काढाच. २०० चौरस मीटर पत्र्यावर ५० मिलिमीटरची एक सर पडली की दहा हजार लिटर! टाकी एका रात्रीत भरून वाहते, नि दोष टाकीला.

कुट्टीवाला:
टाकी उपसून घालणार कुठं, हेही सांगा. एका गायीचं वर्षाचं नत्र ढोबळ ४०-५० किलो, त्यातलं निम्मं हवेत उडतं असं धरू. सुरू (हिवाळ्याअखेर लावलेल्या) उसाला एकरी १०० किलो नत्राची शिफारस. म्हणजे वीस गायींना चार-पाच एकर ऊस पाहिजे, आणि त्यात वरून युरिया नको. खरी गोची इथं आहे. स्लरीही देतात नि युरियाची गोणीही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पाटानं सोडली तर ती भेगांतून सरळ खाली जाते, मुळांना काहीच मिळत नाही.

बांधावरचा:
टाकीचं पटलं. १०० मीटरचं नाही. काठाला दहा मीटर हत्तीघास लावतो, गाळून जाईल. वैरणही होईल.

पाणीमोजणी:
पाणी पसरून आलं तरच घास गाळतो. पाट असेल तर ते घासाला विचारतही नाही. त्यामुळं ठरावात पहिलं वाक्य असं घाला: गोठ्याचा पाट नदी-ओढ्यात उघडता कामा नये. काठानं चालत गेलं तरी तपासता येतं, टेप लागत नाही. तसंही १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४नं याला मनाईच आहे.

सीनाकाठ:
चालेल, पण उकिरड्याचं अंतर सोडणार नाही. सप्टेंबर २०२५च्या सीनेच्या पुरात पाण्यानं पाट बघितला नाही, काठचं होतं नव्हतं ते उचलून नेलं. १०० मीटर जड वाटत असतील तर मीटर काढू, पूररेषा धरू. उकिरडा निळ्या रेषेच्या (पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या) वर. दीड एकरवाल्याची पट्टी सगळीच रेषेखाली असेल, तर गावानं गायरानात सामायिक खड्डा द्यावा.

बांधावरचा:
गायरान शिल्लक असेल तर.