रि: रि: बुलेट ट्रेन बंद करा की चालू ठेवा (वर्गणीच्या धाग्यातून वेगळं काढलंय)

प्रेषक: फ्रीमाँटकर

मंडळी, गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये कॅलिफोर्नियाच्या बुलेट ट्रेनचा वाद कसा घुसला देव जाणे, पण घुसलाय तर वेगळा धागा काढतो. २००८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १ए पास केलं, हाय-स्पीड रेल्वेसाठी जवळपास १० अब्ज डॉलरचे रोखे, सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस २ तास ४० मिनिटांत. आज या दोन शहरांच्या मधल्या मर्सेड-बेकर्सफील्डकडच्या शेतांत पूल उभे आहेत, गाडी नाही, आणि जुलै २०२५ मध्ये फेडरल सरकारने ४ अब्जही काढून घेतले. इथले अर्धे लोक म्हणतात बरं झालं, विमान आहे की. गोव्यात परत गेलेले काका लिस्टवर आहेत म्हणून विचारतो, कोकण रेल्वे सात-आठ वर्षांत झाली ना? मग इथेच घोडं कुठे अडलं?

प्रेषक: फोंड्याचे काका

अरे झाली, पण कशी झाली ते बघ. १९९० साली रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे मंगळूरचा माणूस, आणि अर्थमंत्री मधु दंडवते, म्हणजे राजापूरचे खासदार, असा योग पुन्हा यायचा नाही. त्यांनी रेल्वे खात्याच्या बजेटवर अवलंबून न राहता वेगळं कॉर्पोरेशनच काढलं, रेल्वेचे इंजिनिअर श्रीधरन यांना वर बसवलं, आणि भांडवलात कोणाचा किती वाटा ते आधी ठरवलं: केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. बाकीचे पैसे बाजारात रोखे विकून. तुमच्याकडे काय केलं, तर खर्चाचा अंदाज तेव्हाच ३३ अब्जांच्या आसपास होता, हातात रोख्यांचे १०, आणि उरलेले येतील कुठूनतरी. आता तोच अंदाज १०० अब्जांच्या वर गेलाय. पैसे तुकड्यातुकड्याने आले की जमीनही तुकड्यातुकड्याने घ्यावी लागते, आणि मग प्रत्येक तुकड्याला एक वकील. मला तरी घोडं तिथेच अडलेलं दिसतं, बाकी पर्यावरणाचे दावे वगैरे आहेतच, पण दावे आमच्याकडे पण होते.

ते तर तुमच्या पिढीला माहीतच नसेल. नव्वदीत गोव्यात कोकण रेल्वेच्या मार्गावरून जो काय राडा झाला! किनाऱ्याजवळून नको, खाजन जमिनी (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनी) जातील, जुन्या गोव्याच्या चर्चना धोका, आतल्या बाजूने न्या. मोर्चे झाले, १९९३ मध्ये काम थांबलं, ओझा आयोग बसला, आणि शेवटी मूळ मार्गच राहिला. त्यातून पेडण्याचा बोगदा, तिथली माती इतकी मऊ की खोदलेलं परत खाली यायचं, तो संपेपर्यंत सगळी लाईन अडली आणि मग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू. खाजनवाले सगळेच चुकीचे होते असं मी अजूनही म्हणणार नाही, भराव घातला की पाणी कुठेतरी तुंबतंच.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. पैसे पुरावेत म्हणून लाईन केली एकेरी. आज रोहा ते वीर एवढाच तुकडा दुहेरी आहे, साधारण ४७ किमी, तोसुद्धा २०२१ मध्ये झाला. जून २०२३ पासून वंदे भारत आली, मुंबई-मडगाव पावणेआठ तासांच्या आसपास, पावसाळ्यात वेग उतरवतात तेव्हा दहाएक तास. एकेरी लाईनवर कितीही चकचकीत गाडी सोडली तरी समोरून दुसरी आली की कोणीतरी बाजूला उभं राहायचंच.

प्रेषक: मडगांवची

काका सगळं बरोबर पण तुम्ही लोक नेहमी मोठ्या गाडीवर भांडता. पणजीला स्टेशनच नाही, करमळीला उतरायचं आणि पुढे काय? फोंड्याला तर लाईनच नाही, तुम्हीच सांगा संध्याकाळची गाडी लेट झाली तर घरी कसे जाता? मुलगा न्यायला येतो. हेच सगळ्यांचं, म्हणून घरटी दोन-दोन स्कुटर आणि एक गाडी, आणि मग पार्किंग नाही म्हणून परत ओरडा. प्रायव्हेट बस भरल्याशिवाय हलत नाही आणि रात्री तर विचारूच नका. टॅक्सीवाले विरुद्ध अ‍ॅप हे भांडण प्रत्येक निवडणुकीत निघतं, बसचं टाईमटेबल कुठल्याच जाहीरनाम्यात पहिल्या पानावर येत नाही. आणि नवीन टेक्नॉलॉजी म्हणाल तर मडगांवला स्कायबस, खांबांवरच्या रुळाला लटकून धावणारी गाडी, आठवते ना, २००४ च्या चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी गेला, पुढे नुसते खांब उभे होते ते पण शेवटी काढले. त्या पैशांत किती बस आल्या असत्या?

प्रेषक: फ्रीमाँटकर

ताई पटलं, पण हे किंवा ते असं नाही ना. सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे लोकल, कॅलट्रेन, सप्टेंबर २०२४ पासून विजेवर धावते, त्यात हाय-स्पीडचे पैसे आहेत. म्हणजे या मार्गावरच्या, पेनिन्सुलातल्या ज्या गावांनी हाय-स्पीडविरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या त्यांच्याच दारातून नवी गाडी जातेय, आणि गर्दी पण आहे! आणि काका, पैशाचं म्हणाल तर आता राज्याने २०४५ पर्यंत दरवर्षी १ अब्ज ठरवून दिलेत.

प्रेषक: फोंड्याचे काका

हे चांगलं झालं, हे पंधरा वर्षं आधी करायला हवं होतं. पण वर्षाला १ अब्ज म्हणजे मधलं खोरं आणि सॅन होजे यांच्यामधल्या डोंगरातला पाचेको पासचा बोगदा त्यात बसणार नाही, आणि तो बोगदा नसेल तर सॅन होजेवाल्याला त्या गाडीचा काय उपयोग? बेकर्सफील्डहून मर्सेडला दीडशेच्या वर मैल झपकन येणार आणि तिथे गाडी बदलणार. सुरुवात मधूनच केली कारण तिथे जमीन मोकळी आणि २००९ च्या फेडरल पैशाला मुदत होती, हे मला कळतं, पण मतदाराला टोकाची शहरं दिसतात. आमच्याकडे रोहा-मंगळूर दोन्ही टोकांना आधीच रेल्वे होती, मधली फट भरली की लगेच मुंबई ते केरळ गाड्या सुटल्या. म्हणून बंद करा म्हणणाऱ्यांना मी ओरडणार नाही, पण आता खांब उभे करून थांबलात तर मडगांवची स्कायबस होईल. बोगद्याचे पैसे मागा.

प्रेषक: मडगांवची

आणि मर्सेडला उतरल्यावर बस किती वाजता, ते पण मागा.