आयबीच्या संचालकपदाची वाट नेमकी कुठून सुरू होते?

माटुंगेकर:
माझी भाची पदवीनंतर केंद्रीय परीक्षांची तयारी करत आहे. आयबीत (इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे केंद्राच्या देशांतर्गत गुप्तवार्ता खात्यात) सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी म्हणून भरती झाल्यास बढत्या मिळत एक दिवस संचालक होता येईल, अशी तिची समजूत आहे. घरात सरकारी नोकरी केलेला मी एकटाच (तीही बंदरात), म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. जाणकारांनी सांगावे.

मुलुंडचा वाचक:
प्रत्यक्ष माहिती जमवण्याचे काम पुष्कळसे याच अधिकाऱ्यांवर असते, परंतु संचालकपद स्वातंत्र्यानंतर भारतीय पोलीस सेवेकडेच (आयपीएस) राहिले आहे. काही आयपीएस अधिकाऱ्यांना सुरुवातीच्या वर्षांतच आयबीसाठी हेरून ठेवले जाते (शब्द इथे शोभतो). जिल्ह्यात काही काळ काढून ते प्रतिनियुक्तीवर (म्हणजे उसने म्हणून) आयबीत जातात आणि पुष्कळदा मूळ राज्याच्या संवर्गात (केडरमध्ये) परततच नाहीत. अजित डोवाल १९६८च्या तुकडीचे, केरळ संवर्गातले. ते २००४मध्ये संचालक झाले. तेव्हा भाचीने नागरी सेवा परीक्षेकडे लक्ष द्यावे, आयपीएस तिच्यातूनच मिळते.

जुना गिरगावकर:
वरील उत्तर आयबीपुरते बरोबर आहे. रॉची (रिसर्च अँड अॅनालिसिस विंग, म्हणजे परदेशातील गुप्तवार्ता मिळवणाऱ्या संस्थेची) गोष्ट थोडी निराळी. सप्टेंबर १९६८मध्ये ती संस्था उभी करणारे रामेश्वरनाथ काव १९४०मध्ये पोलीस सेवेत आले होते आणि १९४७पासून आयबीत होते, हे खरे. मात्र पुढे संस्थेचे स्वतःचे संवर्ग तयार झाले आणि इतर सेवांतूनही माणसे घेतली गेली. विक्रम सूद हे मूळचे टपाल सेवेतले, आणि तरीही २०००च्या अखेरीस ते रॉचे प्रमुख झाले! पोलिसी खाक्याची सवय नसणे परदेशातील कामात उपयोगीच पडत असावे, असे माझे मत.

परळकर:
उलटा प्रवासही होतो, आणि मुंबईकरांना तो अधिक परिचित आहे. हेमंत करकरे रॉसाठी सात वर्षे ऑस्ट्रियात होते, तेथून महाराष्ट्रात परतले आणि जानेवारी २००८मध्ये दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले. दत्ता पडसलगीकरांची बरीच वर्षे आयबीत गेली. २०१६मध्ये ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले, कारण त्या खात्यात चांगले काम केलेला माणूस वर्तमानपत्रात दिसत नाही. भाचीला हेही सांगा.

माटुंगेकर:
सर्वांचे आभार. सगळे तिला वाचून दाखवले. टपाल सेवाही त्याच परीक्षेतून मिळते ना, एवढेच तिने विचारले.