मदत हवी आहे: वायंगणात (उन्हाळी भातात) पांढऱ्या लोंब्या, रात्री दिव्यावर पिवळे पतंग

मेरेवरून: गोव्यातल्या सत्तरीत वायंगणाला 'ज्योती' जातीचे भात लावलेय. पोटरीतून लोंब्या बाहेर येताहेत, पण मधूनमधून काही पांढऱ्याफटक, ताठ उभ्या, आत दाणा नाही. रात्री दिव्यावर बोटाच्या पेराएवढे पिवळसर पतंग येतात, दोन्ही पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका. करपा (बुरशीचा रोग) आहे की कीड? फवारू का?

भातकीड: पांढरी लोंबी धरून अलगद ओढा. सहज उपटून आली आणि बुडाशी कुरतडलेली दिसली, तर पिवळा खोडकिडा. मानमोडी करप्यात लोंबीची मान तपकिरी-काळी पडते, तशी दिसते का तेही बघा. ठिपकेवाले पतंग म्हणजे माद्या. नर लहान, तपकिरी.
आता फवारू नका. अळी खोडाच्या आत आहे, आणि पळींज (पोकळ) झालेल्या लोंबीत पुन्हा दाणा भरत नाही. औषधाने मरतील ते कोळी आणि चतुर, म्हणजे तुमचेच राखणदार.

मेरेवरून: मग सरदाच्या (पावसाळी) भाताला कधीपासून लक्ष ठेवू?

भातकीड: तरव्यापासूनच, म्हणजे रोपवाटिकेतल्या रोपांपासून. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि वर पिवळट-तपकिरी केसांचे आवरण चढवते. साधारण आठवड्यात अळ्या निघतात, काही दिवसांतच खोडात शिरतात आणि महिनाभर आतून पोखरतात. कोषही खोडातच, बुडाजवळ. म्हणून अंडी सापडतात तेवढाच काळ आपल्या हातात असतो.
लावणीआधी तरव्याचे शेंडे खुडून नष्ट करा, बांधावर टाकू नका. नजर ठेवायला हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) पुरेत. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) खोडकिड्याचीच मागा, दुसऱ्या किडीची लावली तर सापळा रिकामाच राहतो. चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा ५ टक्के गाभामर (मधला पोंगा वाळलेली रोपे) दिसली, तरच औषधाचा विचार.

कुणगा: पतंग दिसू लागताच ट्रायकोग्रामा जॅपोनिकमची (किडीची अंडी खाणाऱ्या बारीक मित्रकीटकाची) कार्डे लावा, हेक्टरी ५० हजार ते १ लाख, दर आठवड्याला, ५-६ वेळा. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. उन्हात किंवा मुसळधार पावसात वाया जातात. त्या आठवड्यात फवारणी नको. युरियाही एकदम न देता हप्त्यांनी द्या, लुसलुशीत पिकावर कीड जास्त येते.

मेरेवरून: आणि या पिकाची कापणी?

भातकीड: जमिनीलगत कापा. उंच धसकटे राहिली की अळ्या त्यांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. कापणीनंतर ओल आहे तोवरच नांगरून धसकटे उलथा, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही सोबत घ्या. पतंग मेर (बांध) ओलांडून येतात.